हंसाच्या शेपटीचे केस

मार्गशीर्ष वद्य तृतीया, बुधवार, सकाळ. हजर: बा, म्हणजे माझे वडील, मांडीवर किंगरी घेऊन; माय, त्यांच्या मागं; थोरला भाऊ काशीनाथ, दाराच्या चौकटीला टेकून उभा; मी; पलंगावर भुवासा; उशाशी त्यांचे भाचे शेठजी; आणि शेठजींची सून, दुधाचा पेला हातात धरून. गैरहजर: करीमचाचा आणि त्यांची घोडी हंसा. या दोघांचं नाव गैरहजरांत का घालते ते पुढं येईल. सन लिहीत नाही. माझी जन्मतारीखसुद्धा शाळेच्या मास्तरांनी उंची बघून टाकलेली आहे, तेव्हा सनाच्या बाबतीत माझ्यावर कुणी विसंबू नये. तिथी आणि वार मात्र पक्के आहेत, कारण त्या दिवशी मी ते वहीत लिहिले होते. बारा-तेरा वर्षांची होते. याद्या करायची खोड तेव्हापासूनची. पुढं तिच्यावरच वसतिगृहाच्या भांडारातली नोकरी निभावली.

आम्ही किंगरीवाले. अंबडच्या बाहेर, रस्त्याच्या उताराला आमची बारा-पंधरा घरं होती, निम्मी पत्र्याची, निम्मी कुडाची. आमच्या घरात चूल एका कोपऱ्यात, अंथरुणं दुसऱ्यात, आणि मधल्या मेढीवर खिळ्याला टांगलेली किंगरी. ज्यांनी किंगरी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: नारळाची मोठी करवंटी, तिच्या तोंडावर बकऱ्याचं कातडं, त्यातून आरपार गेलेली बांबूची दांडी, वरच्या टोकाला खुंटी, आणि खुंटीपासून खालपर्यंत ताणलेली घोड्याच्या केसांची तार. ती वाजवायची गजानं, आणि गजालाही घोड्याचेच केस. गजाला खाली पितळी घुंगरं बांधलेली, म्हणजे सूर आणि ताल एकाच हाताचे. आवाज ऐकून कुणी म्हणायचं माणूस रडतोय, कुणी म्हणायचं माणूस हसतोय. आम्हाला तो घरातल्या माणसाच्या खोकण्यासारखा ओळखीचा होता. बा दोन गल्ल्या पलीकडं असले तरी माय म्हणायची, “आले, तवा टाका.”

या वाद्याची कामं आमच्यात वाटलेली होती आणि त्या वाटणीत कुणी पाय घालत नसे. केस आणायचे पुरुषांनी. धुवायचे, निवडायचे, पिळून तार बांधायची बायांनी. वाजवायचं पुन्हा पुरुषांनी. माय रिठ्याच्या पाण्यात केस धुवायची, पायाच्या अंगठ्याला एक टोक बांधून ते ताणायची, आणि एकेक केस दोन बोटांतून ओढून बघायची. ज्याला गाठ लागली तो बाजूला. मी तिच्या शेजारी बसून तेच करायची. केस कुठून येतात, कसे निवडून आणतात, हे मायनं कधी विचारलं नाही आणि मीही नाही. ते बाप्या माणसांचं काम. पुढची सगळी भानगड या न विचारण्यातून झाली.

सुगी झाली की बा पहाटे निघायचे. रोज एक गाव. दारापुढं उभं राहून राज्य सोडून जोगी झालेल्या राजाची कथा लावायची, एका दारी सुरू केलेलं कडवं पुढच्या दारी पुरं करायचं, आणि झोळीत पडेल ते पीठ घेऊन दुपारी परत. त्या झोळीत ज्वारी, बाजरी, गहू, कधी मक्याचं, सगळं एकत्र. त्यामुळं आमच्या घरची भाकरी रोज वेगळ्या चवीची असायची. तुकडा मोडून बा सांगायचे, “आज लई बाजरी पडली बघ, धनगरवाड्यावर गेल्तो.” सोबत हुलग्याचं माडगं आणि लसणाचा ठेचा. मी आता जालन्यात चांगल्या गिरणीचं पीठ आणते, एका जातीचं, चाळलेलं. भाकरी गोल होते, फुगते, आणि दुसऱ्या घासाला मला कंटाळा येतो.

अंबडच्या बाजारपेठेत कापडवाल्या शेठजींचं घर हे बांच्या आठवड्याच्या फेरीतलं शेवटचं दार. शेठजींची आत्या, भुवासा, लहानपणी विधवा होऊन मारवाडातून भावाकडं आलेल्या आणि म्हाताऱ्या होईपर्यंत तिथंच राहिलेल्या. त्या बांना एका कडव्यावर सोडत नसत. ओट्यावर बसवून घ्यायच्या, निवडक बाजरी आणि वर गुळाचा खडा द्यायच्या. त्यांच्या मारवाडातल्या गावीही असंच एक केसांच्या तारेचं वाद्य वाजायचं म्हणे, गजाला घुंगरं असलेलं. “म्हारे गांव का बाजा है ये,” त्या म्हणायच्या. बा म्हणायचे, “न्हाई भुवासा, आमच्या नाथाचं हाय.” हा वाद दर आठवड्याला व्हायचा आणि दर वेळी दोघंही जिंकायचे. आता अभ्यासक मला सांगतात की दोन्ही वाद्यं एकाच कुळातली असावीत. सांगतात त्यात तथ्य असेल. पण वाद मिटला असता तर गुळाचा खडा बंद झाला असता, हे त्यांना ठाऊक नाही.

मग एका वर्षी बा निघालेच नाहीत. सुगी झाली, थंडी पडली, किंगरी खिळ्यावरच. बा गवंड्याच्या हाताखाली जायला लागले. विचारलं की म्हणायचे, “तार तुटली. केस न्हाईत. केस कुठून आनू? तट्टू हाय का आपलं?” हे पटण्यासारखं होतं. आज्याच्या काळी आमचं स्वतःचं तट्टू होतं, बिऱ्हाड त्याच्या पाठीवर आणि किंगरीची तार त्याच्या शेपटीत. तट्टू गेलं, टांगेही गेले. काशीनाथला तर बरंच वाटलं. तो नुकताच जालन्याला बियाण्याच्या गोदामात लागला होता. तो म्हणायचा, “बरं झालं तुटली. परवा गोदामात एक जन मला बघून टुंई टुंई करून राह्यला होता. म्हन्ला, तुझा बाप आल्ता आमच्या गावाला.”

“मंग तू काय म्हन्ला?” मायनं विचारलं.

“म्हन्लो, तो माझा बाप न्हाई.”

मायनं हातातली फुंकणी त्याच्या दिशेनं भिरकावली. ती लागली नाही. पण तो जेवायला बसला तेव्हा त्याच्या ताटात ठेचा नव्हता, आणि त्यानंही मागितला नाही. बा खाली बघून भाकरी कुस्करत होते.

तुळशीची लग्नं झाली आणि शेठजींकडून निरोप आला. भुवासा पडून आहेत, अन्न सुटत चाललंय, किंगरी ऐकायची म्हणतात. बांनी निरोप आणणाऱ्याला तेच सांगितलं: केस न्हाईत. चार दिवसांनी शेठजी स्वतः आले, उतारावर चप्पल हातात घेऊन. “बाकी सगळं करतोय आम्ही,” ते म्हणाले, “पण ती एकच गोष्ट मागून राह्यली, आणि ती आमच्या दुकानात मिळत न्हाई.” बांनी हात जोडले. “तार असती तर आत्ता निघालो असतो, शेठ.”

त्या दिवशी मी माझी पहिली यादी केली, कॅलेंडरच्या फाटक्या पानामागं. केस. रिठे. राळ. नवा दोरा. करवंटी आणि कातडं ठीक, गजाचे केसही अजून धड, म्हणजे अडलं होतं फक्त तारेवर. आणि अंबडमध्ये तेव्हा एकच घोडं होतं: लग्नात नवरदेव बसवायची पांढरीशुभ्र हंसा. एस.टी. स्टँडमागं पत्र्याच्या शेडमध्ये करीमचाचा तिला ठेवायचे. शेपूट अशी की खुरापर्यंत.

“क्या होना गे छोकरी?” चाचांनी विचारलं.

“शेपटीचे केस पाहिजेत. चाळीस. हातभर लांब.”

“चालीस!” ते बादली खाली ठेवून हसले. “दुल्हे का बाप दुम देख के घोडी ठैराता. शादियां चालू हैं, कैंची नक्को लगाना बिलकुल.” मी तशीच उभी राहिले. कशाला पाहिजेत ते सांगितलं, भुवासांचंही सांगितलं. त्यांनी दाढी खाजवली आणि भिंतीवरची लाकडी फणी काढून माझ्या हातात दिली. “रोज सुबे आ, दुम कू कंगी कर. कंगी में जो निकले, वो तेरा. मगर एक बात. बाजा बना तो पैले मेरे कू और इसकू सुनाना. अपनी दुम का आवाज इसकू मालूम होना ना?”

मी हो म्हणाले. हे हो इथं लिहून ठेवते.

आठ दिवस मी शाळेआधी हंसाची शेपूट विंचरली. मागं उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. आधी हात पाठीवर ठेवायचा, मग खाली न्यायचा. खालून वर विंचरत जायचं. चाचा शिकवायचे आणि अधूनमधून घोडीलाच सांगायचे, “सबर कर बेगम, तेरा गाना बनरा.” रोज पाच-सहा केस लांबीला बसायचे. ते मी वहीच्या पानात मिटून आणायचे. नवव्या दिवशी मोजले, चाळिसावर तीन जास्त निघाले. माय आणि मी ते धुतले, ताणले, पिळले. माय नेहमीसारखी बडबडत नव्हती. मधेच तिनं छपराकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, “तू लई जल्दी केली गं, सुमे.” मला ते कौतुक वाटलं.

तार चढवलेली किंगरी मी बांच्या पुढं ठेवली. वाटलं होतं ते उडी मारून उठतील. ते बराच वेळ तिच्याकडं पाहत राहिले, जणू कुणी पाहुणा न सांगता आला होता. मग तोंड धुतलं, फेटा बांधला आणि म्हणाले, “चला. आता बाकी काय राह्यलं?” काशीनाथची त्या दिवशी गोदामात पाळी नव्हती. मायनं त्याला हुकूमच सोडला आणि तो चार पावलं मागं राहून आला, ओळखीचं कुणी दिसलं तर आमच्यातला वाटू नये इतक्या अंतरानं. शेडवरून जाताना मी डोकावले. चाचा आणि हंसा पहाटेच वरातीसाठी परगावी गेले होते. परत आल्यावर ऐकवू, असं मी मनाशी ठरवलं.

भुवासा पलंगावर अर्ध्या झाल्या होत्या. बांनी जमिनीवर मांडी घातली, खुंटी पिळून सूर लावला. आमच्या घरात सूर एकच, आज्याचा. आजा ज्या उंचीवर गायचा त्या उंचीवर त्याचा मुलगा गाणार, आणि त्याचा मुलगा. तो उतरवायचा नाही. दुसऱ्या घरचे खाली लावायचे तर आमचे लोक म्हणायचे, सूर उतरला म्हंजे घर उतरलं. बांनी गज ओढला, घुंगरं हलली, आणि त्यांनी पहिलं कडवं उचललं. वरच्या ठिकाणी त्यांचा आवाज फाटला. साफ फाटला, जुन्या धोतरासारखा. मी कधीच ऐकलं नव्हतं असं. त्यांनी खोकून पुन्हा उचललं. पुन्हा तेच. शेठजींच्या सुनेनं नजर दुधाच्या पेल्यात घातली. काशीनाथ चौकटीपासून सरळ झाला. मला वाटलं आता बा उठतील.

तेवढ्यात तार उतरायला लागली. थंडीची सकाळ, दमट खोली, नवे केस; ती ढिली पडत होती. बांनी खुंटी पिळून ती वर नेली. दोन ओळींत पुन्हा खाली. पुन्हा पिळली. तिसऱ्यांदा उतरली तेव्हा त्यांचा हात खुंटीकडं गेला, खुंटीवर टेकला, आणि न पिळता परत आला. त्यांनी डोळे मिटले आणि तार जिथं जाऊन थांबली होती तिथून कडवं उचललं, कितीतरी खालून. आणि तिथं त्यांचा आवाज होता. अख्खा, जाड, न फाटलेला. राजा महाल सोडतो, राणी दारात उभी राहते, तो तिला माय म्हणून भिक्षा मागतो, हे मी शंभरदा ऐकलेलं त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. आज्याच्या उंचीवर ती कथा दूर कुठल्या तरी राजाची वाटायची. या सुरात ती शेजारच्या घरातली वाटली. ध्रुवपदाला झील धरणारं कुणी नव्हतं, बा एकटेच ओढत होते, आणि दुसऱ्या फेरीला दारातून आवाज आला. काशीनाथचा. लहानपणी तोच बांच्या मागं झील धरायचा. मान खाली घालून, पायाच्या नखानं उंबरा खरवडत तो गात होता.

भुवासांचं एक बोट पलंगाच्या पट्टीवर चालू होतं. कथा संपली तेव्हा ते थांबलं. “म्हारे गांव का बाजा,” त्या पुटपुटल्या. बा हसले. “न्हाई भुवासा, आमच्या नाथाचं.” “झूठ,” त्या म्हणाल्या, आणि सुनेच्या हातून अर्धा पेला दूध प्याल्या.

वाटेत बांनी मला विचारलं, “केस कुठून आनले गं?” मी छाती काढून सांगितलं, करीमचाचांच्या हंसाच्या शेपटीतून. ते रस्त्यातच थांबले. “हंसा? अगं, ती घोडी हाय!” मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, जे फक्त पुरुष एकमेकांना सांगायचे: किंगरीला केस घोड्याचा, घोडीचा कधीच नाही. घोडीचं मूत शेपटीवर उडतं, केस पोळतो, कमजोर होतो, ताण धरत नाही. पण बा रागावले नव्हते. ते हसत होते, फेट्याच्या शेवानं डोळे पुसत हसत होते. काशीनाथला म्हणाले, “ऐकलं का? घोडीनं खाली वढलं रे मला.” काशीनाथ म्हणाला, “घोडीला बराबर कळलं. आमाला कळालं न्हाई.” आणि तो आता चार पावलं मागं नव्हता.

घरी आल्यावर माय पाटावर चढली आणि छपराच्या वाशातून एक फडकं काढून तिनं माझ्या मांडीत टाकलं. आत कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यात केसांची जाड जुडी. काळे, दणकट, घोड्याचे. दोन किंगऱ्यांना पुरतील इतके.

“मंग बा न्हाईत का म्हन्ले?”

“केस कवाचे पडलेत वर,” ती म्हणाली. “त्यांचा गळाच चढत न्हाई दोन वर्सांपासून. ते कुनाला सांगतेत व्हय? तू तार बांधून पुढ्यात ठुली, मंग कुठं जानार बिचारा मानूस.”

ती जुडी बांनी पुढं कधीच वापरली नाही. शेजारच्या पाहुण्यानं विचारलंच की किंगरी एवढी खाली का लावली, तर बा गंभीर तोंड करून सांगायचे, “काय करावं, केस घोडीचा हाय. नरम असतो. वर जातच न्हाई.” आणि तार तुटली की पुन्हा घोडीचाच केस शोधायचे. भुवासा होळीपर्यंत होत्या. तोवर दर बुधवारी बा आणि काशीनाथ त्यांच्या ओट्यावर बसायचे, आणि समोरच्या दुकानांतली माणसं मापं खाली ठेवून ऐकायची. भुवासा गेल्या त्या दिवशीही वाजवायला बोलावलं, ते शेठजींनीच. आमच्या वस्तीतल्या ज्या घरांनी किंगरी वाशाला लावून टाकली होती, त्यांतल्या तिघांनी ती खाली काढली. तिघांचेही गळे म्हातारे झाले होते, आणि आज्याचा सूर सोडला तरी चालतं हे त्यांना कुणीतरी आधी करून दाखवायला पाहिजे होतं.

आता ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द माझ्या नावापुढं लोक लावतात. मी काय करते ते सांगते. रविवारी वस्तीच्या समाजमंदिरात पोरींना किंगरी बांधायला शिकवते. करवंट्या मी निवडते, कातडं एकजण भोकरदनच्या बाजारातून आणतो, केसांसाठी जिथं लग्नाची घोडी असेल तिथं आधी फोन करून जाते आणि सोबत फणी नेते. काही जण मासेमारीची नायलॉन दोरी लावा म्हणतात, टिकते म्हणून. टिकते खरी. आपल्या गळ्यापर्यंत खाली येत मात्र नाही. वाटणी आम्ही मोडली आहे. पोरीच केस आणतात, पोरीच बांधतात, पोरीच वाजवतात, आणि प्रत्येकीनं पहिल्या दिवशी स्वतःचा सूर शोधून वहीत लिहायचा, हा नियम. काशीनाथ निवृत्त झालाय. तो झील शिकवतो. उशीर करणाऱ्या पोरीकडं बघून टुंई टुंई करतो.

आणि आता गैरहजरांचं. त्या बुधवारनंतर मी शेडवर गेलेच नाही. काय सांगणार होते? तुमच्या हंसाचा केस आमच्यात चालत नाही, पोळलेला असतो, असं? ज्या माणसानं आपल्या बेगमची शेपूट माझ्या हाती दिली त्याला? स्टँडवरून जाताना मी रस्ता बदलायचे. बांनी दोनदा विचारलं, “चाचाला ऐकवलं का?” मी मान हलवायचे, कशीही. पुढं नवरदेव सजवलेल्या मोटारीतून यायला लागले आणि चाचा मुलीकडं शहागडला गेले. हंसाही त्यांच्यासोबत गेली आणि तिथंच गेली. खरं काय ते सांगायचं धाडस येईपर्यंत मी चाळिशी ओलांडली होती. त्यानंतर नोकरी, मुलांची शिक्षणं, मायचं आजारपण. कारणांची यादी करायला मला वेळ लागत नाही.

मागच्या महिन्यात केसांसाठी शहागडला फोन केला तर पलीकडं चाचांचा नातू निघाला. दोन घोड्या आहेत त्याच्याकडं. आजोबा आहेत, म्हणाला. अंथरुणावर, डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्यानं येतं. मी नाव सांगितलं. त्यानं आत विचारलं, आणि फोनवर मला मागचा आवाज ऐकू आला, बारीक, पण तोच: “वो चालीस बाल वाली छोकरी? पूछ उसकू, बाजा बना के नै बना?”

बांची किंगरी माझ्या कपाटात आहे. करवंटी ठीक, कातडं ठीक. तार गेल्या पावसाळ्यात तुटली, ती मी दोनदा बांधायला घेतली आणि ठेवून दिली. वहीतल्या या महिन्याच्या पानावर अकरा कामं होती. दहांवर रेघ मारली आहे. अकरावं: शहागड, करीमचाचा, किंगरी घेऊन उजव्या बाजूला बसणे.